घोगरा आवाज आणि घशातली चामखीळ

लहान मुलाचा आवाज बसला की आपल्या घरात कारणे तयारच असतात. बर्फाचा गोळा खाल्ला, जत्रेत ओरडला, चिंचा-बोरे खाल्ली, हवा पालटली. उपायही ठरलेले. ज्येष्ठमधाची कांडी, हळद घातलेले दूध, मिठाच्या गुळण्या. बहुतेक मुलांचा आवाज आठ-दहा दिवसांत मोकळा होतो आणि श्रेय ज्येष्ठमधाला मिळते. त्याला माझी हरकत नाही. आज लिहायचे आहे ते ज्याचा आवाज मोकळा होतच नाही अशा एखाद्या मुलाविषयी.

काही वर्षांपूर्वी असा एक तीन वर्षांचा मुलगा माझ्याकडे येत असे. आजी घेऊन यायची. "डॉक्टरसाहेब, ह्याचा आवाज काही सुटंना बघा. रडतोय तरी पलीकडच्या खोलीत ऐकू येत नाही." मी बॅटरीने घसा पाहिला, स्वच्छ होता. खोकल्याचे औषध दिले, पुढच्या खेपेला अँटिबायोटिक दिले. दोन महिन्यांनी रात्री श्वासाचा आवाज येऊ लागला, तेव्हा बालदमा म्हणून त्याची औषधे सुरू केली. असे जवळजवळ पाच महिने चालले. एका संध्याकाळी मुलगा धापा टाकत आला, तेव्हा मी स्टेथोस्कोप छातीऐवजी मानेवर ठेवला. आवाज तिथेच सर्वांत मोठा होता, आणि तो श्वास आत घेताना येत होता. दम्याची शीळ मुख्यतः श्वास बाहेर सोडताना वाजते. हे आम्हाला कॉलेजात शिकवलेले असते, पण रोजच्या गर्दीत विसरायला होते.

त्याच रात्री त्याला जिल्ह्याच्या गावी पाठवले. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीने पाहिले, तर स्वरतंतूंवर द्राक्षाच्या लहानशा घडासारखी गुलाबी वाढ होती आणि श्वासाला एक फट तेवढी उरली होती. बॅटरीने आपल्याला घशाचा मागचा भाग दिसतो. स्वरतंतू त्याच्याही खाली असतात, ते बॅटरीने दिसत नाहीत. पाच महिने मी चुकीच्या जागी पाहत होतो.

या वाढीला पॅपिलोमा म्हणतात. सोप्या शब्दांत, स्वरयंत्रात उगवलेल्या चामखिळी. हा कर्करोग नव्हे, आणि पुढे कर्करोगात रूपांतर होणेही विरळा. पण लहान मुलाची श्वासनलिका पेन्सिलीएवढीही रुंद नसते. तिथे साधी गाठसुद्धा जीव घेऊ शकते.

ही वाढ होते ती एका विषाणूमुळे. १९२३ साली उल्मान नावाच्या डॉक्टरांनी एका मुलाच्या स्वरयंत्रातील अशी गाठ वाटून तिचा अंश स्वतःच्या हाताच्या कातडीत टोचून घेतला, आणि तिथे चामखिळी उगवल्या. रोग लागणीचा आहे हे त्यांनी स्वतःच्या अंगावर सिद्ध केले! विषाणू हाती यायला मात्र पुढे जवळजवळ साठ वर्षे लागली. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एच.पी.व्ही., हे त्याचे नाव. त्याचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. त्यांपैकी ६ आणि ११ हे दोन प्रकार घशातल्या या गाठींना कारण असतात, आणि ११ जास्त त्रासदायक.

हा विषाणू गाठ का वाढवतो? आपल्या घशाचे अस्तर थरांचे असते. सर्वांत खालच्या थरातल्या पेशी विभागतात, वर सरकतात, सरकता सरकता विभागणे थांबवतात आणि शेवटी झडून जातात. विषाणू बारीकशा ओरखड्यातून खालच्या थरात शिरतो. त्याला स्वतःच्या प्रती काढायच्या असतात, पण त्याची यंत्रसामग्री त्याच्याजवळ नसते, ती पेशीची वापरावी लागते. पेशी वर सरकली की तिचा कारखाना बंद होतो. म्हणून विषाणू अशी प्रथिने तयार करतो, जी पेशीचा विभागणीचा ब्रेक सैल करतात. जिने थांबायचे ती पेशी थांबत नाही. थरावर थर चढतात, आत रक्तवाहिन्यांची देठे येतात आणि घड तयार होतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणारे १६ आणि १८ हे याच विषाणूचे प्रकार तो ब्रेक जवळजवळ मोडूनच टाकतात. ६ आणि ११ सैल करतात, मोडत नाहीत. साधी गाठ आणि कर्करोग यांतला फरक बराचसा इथे आहे.

गाठीभोवतीचे जे अस्तर निरोगी दिसते, त्यातही विषाणू दडलेला असतो. सर्जन लेसरने किंवा बारीक हत्यारांनी गाठी काढतात, पण विषाणू काढता येत नाही, म्हणून गाठी परत येतात. सगळेच खरवडून काढावे तर स्वरतंतूंना व्रण पडतो आणि आवाज कायमचा जातो. त्यामुळे सर्जनला हात राखूनच काम करावे लागते. काही मुलांना वीस-वीस वेळा भूल घ्यावी लागते. "ऑपरेशन फसले" म्हणून डॉक्टर बदलत फिरणाऱ्या पालकांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. बेव्हासिझुमॅब नावाचे, गाठीच्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारे इंजेक्शन आता काही अवघड रुग्णांना देतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत प्रौढ रुग्णांसाठी, शरीराची प्रतिकारशक्ती या विषाणूविरुद्ध जागी करणाऱ्या एका औषधाला मान्यता मिळाली.

आता नाजूक भाग. मुलाला हा विषाणू बहुधा जन्माच्या वेळी आईकडून मिळतो. हे त्या मुलाच्या घरी कळले आणि सून रडत माझ्याकडे आली. सासूबाई बोलत नव्हत्या, नवरा संशयाने पाहत होता. मी तिघांनाही समोर बसवले. हा विषाणू अतिशय सर्वसामान्य आहे. लग्न झालेल्या स्त्री-पुरुषांपैकी बहुतेकांना तो आयुष्यात केव्हातरी लागतो, कोणतेही चिन्ह न दाखवता राहतो आणि बहुधा वर्ष-दोन वर्षांत आपसूक जातो. बाईला तो नवऱ्याकडूनही येतो, आणि त्यालाही त्याची खबर नसते. शिवाय विषाणू असलेल्या आयांच्या बहुतेक मुलांना हा रोग होतच नाही. यात चारित्र्य काढणे म्हणजे शुद्ध अडाणीपणा. आजी म्हणाल्या, "मग हे आधी का नाही सांगितलं?" त्यांचे बरोबरच होते.

केवळ या भीतीपोटी सिझेरियन करून घेऊ नये, त्याने हमखास बचाव होत नाही. बचाव होतो तो लशीने. ऑस्ट्रेलियाने २००७ साली मुलींना सरसकट लस द्यायला सुरुवात केली. तिथे मुलांमधील या रोगाचे नवे रुग्ण २०१२ साली दर लाख मुलांमागे ०.१६ होते, ते २०१६ पर्यंत ०.०२ वर आले. मुलगी मोठी होऊन आई झाली तेव्हा द्यायला तिच्याजवळ विषाणूच उरला नव्हता. आपल्याकडे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या लशीला २०२२ साली मान्यता मिळाली. तिच्यात ६, ११, १६ आणि १८ हे चारही प्रकार आहेत. एच.पी.व्ही.ची प्रत्येक लस ६ आणि ११ वर चालते असे नाही, तेव्हा घेताना विचारून घ्यावे. नऊ ते चौदा हे वय सर्वांत चांगले.

मुलाचा आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिला, रडण्याचा आवाज क्षीण झाला किंवा झोपेत श्वास आत घेताना घरघर ऐकू आली, तर दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्यावे. घरघरीबरोबर गळ्याखालचा खळगा आत ओढला जात असेल तर सकाळची वाट पाहू नये. दम्याच्या औषधाने गुण येत नसेल, तर तुमच्या डॉक्टरांना निःसंकोच विचारा. मला कोणी विचारले असते तर बरे झाले असते.

त्या मुलाच्या आजवर अकरा शस्त्रक्रिया झाल्या. सुरुवातीला दर दोन-तीन महिन्यांनी, आता वर्षातून एखादी. मध्यंतरी शाळेत बाईंनी त्याला वेगळ्या बाकावर बसवले होते. हा रोग एका बाकावर बसल्याने किंवा एका भांड्यातले पाणी प्यायल्याने पसरत नाही, असे मी माझ्या लेटरहेडवर लिहून दिले. आवाज अजून जरा जाडाच आहे. वर्गात हजेरीला "उपस्थित" म्हणतो ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाते, असे त्याची आई सांगते.