तक्त्याचे विभाग किती असावेत?

वसतिगृहातील हजेरीवहीचे उदाहरण घेऊ. पाच वर्षांची हजेरी एकाच जाड वहीत असेल, तर एका दिवसाची नोंद शोधण्यास पुष्कळ पाने उलटावी लागतील. उलट, प्रत्येक दिवसासाठी वेगळी वही केली, तर एका विद्यार्थ्याची वर्षभराची हजेरी काढताना ३६५ वह्या उघडाव्या लागतील.

डेटाबेसमधील मोठ्या तक्त्याबाबतही हाच प्रश्न उभा राहतो. निकाल पाहणारा विद्यार्थी पडद्यासमोर ताटकळतो, तेव्हा त्यामागे असा एखादा चुकलेला निर्णय असू शकतो. या क्षेत्रात काम करणारे आम्ही माजी विद्यार्थी हा निर्णय कसा घेतो, ते येथे मांडत आहोत.

तारखेनुसार किंवा अन्य स्तंभानुसार तक्ता विभागणे म्हणजे पार्टिशन. क्वेरीत तारीख असेल, तर डेटाबेस नेमका तोच विभाग वाचतो. नसेल, तर सर्व विभाग धुंडाळतो. म्हणून लोक माहिती कशी मागतात, हे आम्ही आधी पाहतो. त्यानंतर जुनी माहिती केव्हा काढायची, हे ठरवतो. महिनावार विभाग असतील, तर जुना महिना एका आज्ञेत काढता येतो. लाखो ओळी एकेक करून पुसाव्या लागत नाहीत.

आता हिशेब करू. पाच वर्षांत ३६ कोटी ओळी साठल्या असे समजा. महिनावार ६० विभाग होतील, प्रत्येकी सरासरी ६० लाख ओळींचे. दिवसवार १,८२६ विभाग होतील, प्रत्येकी सुमारे दोन लाखांचे. मायएसक्यूएलमध्ये एका तक्त्याचे कमाल ८,१९२ विभाग करता येतात, म्हणजे दोन्ही पर्याय मर्यादेत बसतात. तथापि, विभाग वाढले की क्वेरीच्या आखणीस अधिक वेळ व मेमरी लागते आणि प्रत्येक विभागाचा इंडेक्स सांभाळावा लागतो. मागणी बहुधा महिन्याच्या हिशेबाने होत असेल, तर आम्ही ६० विभागच पसंत करू.

हॅश पद्धतीत ओळींची वाटणी ठरावीक विभागांत होते. ती संख्या पुढे बदलायची झाल्यास ओळींची फेरवाटणी करावी लागते. म्हणून तेथे भावी वाढ आधीच गृहीत धरावी.

तक्ता लहान असेल, तर विभाग करूच नयेत. चांगला इंडेक्स पुरेसा होतो. तक्ता सर्व्हरच्या मेमरीहून मोठा होऊ लागला, की विभागणीचा विचार करावा, असा पोस्टग्रेसक्यूएलच्या मार्गदर्शिकेचा ढोबळ निकष आहे. या क्षेत्रात येणाऱ्या आमच्या धाकट्या भावंडांना एवढेच सांगणे आहे, की रोजच्या क्वेरी चालवून वेळ मोजावा आणि मगच संख्या निश्चित करावी.