काशीला मोटारहोम नेताय? रात्रीचा मुक्काम कुठे कराल?



आजचा प्रश्न सोपा आहे. झोपायला पलंग, शेगडी, संडास, पाण्याची टाकी, सगळं गाडीतच आहे. मग रात्री कुठेही फुकट मुक्काम करायचा हक्क आपल्याला आहे का?

भारतात असा हक्क देणारा कायदा नाही. न्यूझीलंडमध्ये २०११ चा ‘फ्रीडम कॅम्पिंग’ कायदा आहे. पण तिथेही स्थानिक संस्था मनाई करू शकते आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर सहसा गाडीत पक्का बसवलेला संडास लागतो. आपली घाण आपण वाहून न्यायची, तरच मुक्काम.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ लागू होतो. रहदारीला अडथळा होईल अशी गाडी उभी केली, तर कलम १२२ लागतं. मनाईच्या जागी उभी केली, तर कलम १२७ खाली पोलीस ती हलवू शकतात. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, पण तेही ठरवून दिलेल्या जागांचा विचार करतं.

आता मणिकर्णिका घाट. तिथल्या गल्ल्या इतक्या अरुंद की मोठी गाडी घाटापर्यंत जातच नाही. चिता दिवसरात्र जळत असतात. तिरड्या त्याच वाटांनी येतात. जवळच्या रस्त्यावर आपण गाडी लावून झोपलो, तर एखाद्याची शेवटची वाट अडते. म्हणून मी सांगतो ते करा:

१. गाडी शहराबाहेर, पैसे देऊन घेतलेल्या पार्किंगमध्ये ठेवा. रात्री आत झोपणार हे रखवालदाराला आधीच सांगा.
२. धाबा, पेट्रोल पंप, आश्रम, कुठेही थांबा, पण मालकाला विचारून.
३. पुढे रिक्षाने मैदागिनपर्यंत जा, तिथून चालत.
४. टाकीतलं सांडपाणी गंगेत किंवा काठावर सोडू नका. २०१६ च्या गंगा प्राधिकरण आदेशाने त्याला बंदी आहे. जिथे परवानगी असेल तिथल्या संडासातच टाकी रिकामी करा.

याच घाटाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. वाटसरूंसाठी त्यांनी देशभर धर्मशाळाही बांधल्या. फुकट मुक्काम आपल्या परंपरेत आहेच, पण त्यामागे कुणीतरी जागा, पाणी आणि स्वच्छता सांभाळत असे. आज ती सांभाळ गाडीवाल्यानेच करायची आहे. फौजेत तळ उठवताना आम्ही खड्डे बुजवून, कचरा उचलूनच निघत असू. तुम्हीही तसेच निघा, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीला कुणी नाही म्हणणार नाही.

जय हिंद!