सरकारी प्रयोगशाळा, रिकामी पदे आणि आपले विद्यार्थी

विज्ञान शाखेत शिकणारी आपली मुले-मुली नेहमी विचारतात, "एम.एस्सी. झाल्यावर सरकारी प्रयोगशाळेत नोकरी मिळेल काय?" या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी या प्रयोगशाळांचा कारभार आपण समजून घेतला पाहिजे.

वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजेच सीएसआयआर, १९४२ साली स्थापन झाली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, नागपूरची 'नीरी' आणि गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था या तिच्याच संस्था होत. मतदानाच्या वेळी बोटाला लावली जाणारी शाई दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेची देणगी आहे.

विदर्भातील काही गावांच्या भूजलात फ्लोराईड जास्त आहे. असे पाणी वर्षानुवर्षे पिणाऱ्यांचे दात पिवळे पडतात, हाडे ताठरतात. पाण्यात चुना व तुरटी मिसळून गाळ खाली बसवायचा आणि फ्लोराईड कमी करायचे, ही 'नालगोंडा पद्धत' नीरीने विकसित केली. पण विचार करा, असे संशोधन विकत कोण घेणार? गरीब गाव तर घेऊ शकत नाही. म्हणूनच सरकारी पैसा लागतो.

१९८६ साली आबिद हुसेन समितीने परिषदेला सुमारे एकतृतीयांश खर्च बाहेरून मिळवण्याची शिफारस केली. २०१५ साली डेहराडूनच्या बैठकीत स्वतःचा निधी उभारण्यावर अधिक भर दिला गेला. उद्योगांसाठी काम करण्यात गैर काही नाही. परंतु कमाई हेच मोजमाप ठरले, तर पैसे देणाऱ्याचा प्रश्न आधी हाती घेतला जातो आणि गावच्या विहिरीचा प्रश्न मागे पडतो.

दुसरी बाब मनुष्यबळाची. कपात म्हणजे कुणाला कामावरून काढणे एवढेच नव्हे. माणूस निवृत्त होतो, जागा भरली जात नाही, पुढे ते पदच रद्द होते. १९९७ साली पाचव्या वेतन आयोगाने सरकारी कर्मचाऱ्यांची संख्या दहा वर्षांत ३० टक्क्यांनी घटवण्याची शिफारस केली. मे २००१ मध्ये केंद्राने थेट भरती रिक्त जागांच्या एकतृतीयांशावर आणली, तीही एकूण मंजूर पदांच्या १ टक्क्याच्या मर्यादेत. हे धोरण २००९ पर्यंत चालले. काम मात्र थांबत नाही. ते मुदतीवरच्या प्रकल्प सहायकांकडून करून घेतले जाते. प्रकल्प संपला की नेमणूक संपते, आणि हाताला आलेले कसबही त्यांच्याबरोबर निघून जाते.

येथे आपला थेट संबंध येतो. १९९७ पासून केंद्राची बिंदुनामावली पदांच्या संख्येवर आधारलेली आहे. पदच रद्द झाले तर त्यावरील राखीव जागा कोठून राहणार? आरक्षण कायद्यात जसेच्या तसे असते, दार मात्र अरुंद होते.

म्हणून विद्यार्थ्यांनी नेटची तयारी जरूर करावी, पण फेलोशिप म्हणजे कायम नोकरी नव्हे, हे ध्यानात ठेवावे. जाहिरात वाचताना पद नियमित आहे की प्रकल्पापुरते, हे आधी पाहावे. सभासदांनी माहितीच्या अधिकारात मंजूर, भरलेली व रिक्त पदे विचारावीत आणि आपल्या खासदारांना ती दाखवावीत. शिकलेल्या समाजाने एवढी जागरूकता ठेवली, तर पुढच्या पिढीला प्रयोगशाळेचे दार उघडे सापडेल.