फाडलेला कागद, उरलेली रोजनिशी

१५ मे १६६३ या तारखेखाली लंडनमधल्या एका सरकारी अधिकाऱ्यानं आपल्या वहीत मुंबईबद्दल लिहून ठेवलं आहे. पोर्तुगीजांनी आपल्याला चक्क फसवलं, हा त्या नोंदीचा सूर. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला राणीच्या आंदणात मुंबई मिळायची होती. मुंबई आणि तिच्या जवळची बेटं म्हणजे सगळी एकच सलग जमीन, असा नकाशा राजाला दाखवण्यात आला होता आणि दरबारानं त्यावर विश्वास ठेवला होता. माणसं तिथं पोचली तर प्रकार निराळाच. त्यात पोर्तुगीज अधिकारी ताबाही देईनात. ताबा घ्यायला आलेला सर अब्राहम शिपमन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहता पाहता १६६४ मध्ये वारला, आणि मुंबई इंग्रजांच्या हाती यायला १६६५ चा फेब्रुवारी उजाडला. दरम्यान वहीत आणखी एक नोंद झाली होती: ही मुंबई हाती आली असती तरी जागा तशी क्षुल्लकच आहे म्हणे.

ही वही सॅम्युअल पीप्सची. शिंप्याचा मुलगा, केंब्रिजला शिकलेला, नौदलाच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर चढलेला. १ जानेवारी १६६० ला, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यानं रोजनिशी सुरू केली आणि ३१ मे १६६९ पर्यंत चालवली. सहा वह्या, सुमारे साडेबारा लाख शब्द. मुंबईचा मजकूर त्यात अगदी चिमूटभर. बाकी सारं लंडन आहे: दरबार, गोदी, नाटकं, पुस्तकांची दुकानं, कॉफीघरातल्या बातम्या, पोटदुखी, नवे कपडे, नवराबायकोची भांडणं.

रोजची नोंद ठेवायची पद्धत आपल्याकडेही होती. पेशव्यांच्या दफ्तरातल्या रोजनिशांत हुकूम आहेत, जमाखर्च आहे, इनामं आणि निवाडे आहेत. इतिहासाला त्या मोलाच्या आहेत. पण त्या लिहिणारा कारकून संध्याकाळी घरी जाऊन काय जेवला, कोणावर चिडला, हे त्यात सापडत नाही. ते सापडतं म्हणून पीप्स मला जवळचा वाटतो. राज्यकारभार आणि घर त्यानं वेगळ्या खणांत ठेवले नाहीत. १६६० च्या मे महिन्यात राजा परदेशातून परतला, तेव्हा पीप्स त्या ताफ्यात होता. किनाऱ्याला जाताना राजाच्या लाडक्या कुत्र्यानं होडीत घाण केली. सगळे हसले, आणि पीप्सच्या मनात आलं की राजा आणि त्याची माणसं इतरांसारखीच तर आहेत. अकरा वर्षांपूर्वी ज्या देशानं राजाचा शिरच्छेद केला, तिथला एक तरुण हे लिहितो आहे. राजसत्तेबद्दलचं इतकं बोलकं वाक्य मला त्या काळच्या जाड इतिहासग्रंथांत मिळालेलं नाही.

पुस्तकांच्या बाबतीत तो आपल्यासारखाच चंचल. 'ह्यूडिब्रास' हे गाजत असलेलं विनोदी काव्य त्यानं अडीच शिलिंगाला घेतलं, आवडलं नाही म्हणून त्याच दिवशी तोट्यात विकलं, आणि सगळे त्याचीच तारीफ करतात म्हणून दीड महिन्यात पुन्हा विकत आणलं. रॉबर्ट हूकचं सूक्ष्मदर्शकावरचं पुस्तक मात्र तो रात्री दोनपर्यंत वाचत बसला. शेक्सपिअरचं 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' त्याला अगदी नीरस वाटलं, आणि तेही त्यानं निःसंकोच नोंदवलं. संगीत तर त्याच्या रक्तातच होतं. ल्यूट आणि व्हायोल ही तंतुवाद्यं तो वाजवी, गाई, चालीही बांधी. घरात गाता गळा असलेली मोलकरीण आली की त्याला खरा आनंद होई.

१६६६ च्या ऑगस्टमध्ये शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २ सप्टेंबरला, लंडन पेटलं. पहाटे तीनच्या सुमाराला जेन या मोलकरणीनं पीप्सला उठवून आग दाखवली. आधी ती लांब आहे म्हणून तो पुन्हा झोपला. मग मात्र होडीनं राजवाड्यावर गेला, घरं पाडल्याशिवाय आग थांबणार नाही हे राजाला सांगितलं आणि तसा हुकूम घेऊन नगराध्यक्षाकडे धावला. या साऱ्या धावपळीतही त्याला कबुतरं दिसली: घर सोडवेना म्हणून खिडक्यांपाशी घुटमळणारी, पंख जळून खाली पडणारी. दोन दिवसांनी त्यानं आपली दारू आणि परमेझान चीज बागेत खड्डा खणून पुरलं. शहर जळत असताना माणूस काय वाचवू पाहतो, ते असं कळतं.

हे सगळं त्यानं थॉमस शेल्टनच्या लघुलिपीत लिहिलं. लिहायला झटपट, आणि घरातल्या कोणाला वाचता न येणारी. त्याच्या मृत्यूनंतर तीन हजार पुस्तकांसह वह्या केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात गेल्या आणि शंभर वर्षं जवळपास अबोल राहिल्या. १८१९ ते १८२२ अशी तीन वर्षं खपून जॉन स्मिथ या गरीब विद्यार्थ्यानं त्यांचा उलगडा केला. शेल्टनचं लघुलिपीचं पुस्तक त्याच ग्रंथालयात होतं, पण त्याला ते कोणी सांगितलं नाही. १८२५ मध्ये रोजनिशी छापली गेली ती भरपूर कात्री लावून. दरबार राहिला, घर गळलं. संपूर्ण मजकूर वाचकांपुढे यायला १९७० नंतरची आवृत्ती यावी लागली.

गळलेल्या भागात पीप्सचं वाईट रूपही होतं. मोलकरणींशी आणि कचेरीत काम घेऊन येणाऱ्यांच्या बायकांशी तो ज्या रीतीनं वागला, त्याला आज आपण सरळ अत्याचार म्हणू. अशा ठिकाणी तो स्पॅनिश, फ्रेंच शब्दांची सरमिसळ करतो. १६६८ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला घरात नोकरीला असलेल्या डेब विलेट या तरुण मुलीबरोबर पत्नीनं पाहिलं. पुढे कित्येक रात्री घर धुमसत राहिलं, आणि नोकरी गेली ती डेबची.

त्याची पत्नी एलिझाबेथ. लग्नात चौदा-पंधरा वर्षांची. नवरा दिवसभर कचेरीत, नाटकात, मेजवान्यांत. ती घरात एकटी. आपला हा एकटेपणा तिनं एकदा पत्रात लिहून त्याला दिला. त्यानं ते न वाचताच जाळलं. पण तिनं नक्कल ठेवली होती. ९ जानेवारी १६६३ ला तिनं पेटीतून कागदांचं बाड मागवलं आणि ती नक्कल त्याला वाचून दाखवली. पीप्स लिहितो की मजकूर बोचरा होता आणि त्यातलं बहुतेक खरं होतं. त्याला राग आला तो तिनं तो साध्या इंग्रजीत लिहिला, कोणाच्याही हाती लागला तर वाचला जाईल, याचा. त्यानं कागद तिच्या हातातून हिसकावून फाडला. मग बाडातले इतरही फाडले, त्यात त्यानंच पूर्वी तिला लिहिलेली प्रेमपत्रं होती. ती रडत होती, माझंही मन घेत नव्हतं, असंही त्यानं लिहून ठेवलं आहे.

डोळे जातील या भीतीनं १६६९ मध्ये त्यानं रोजनिशी थांबवली. डोळे गेले नाहीत. तो आणखी चौतीस वर्षं जगला. एलिझाबेथ त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, तापानं गेली. त्या काळातल्या लंडनच्या एका घरात दिवस कसा जातो, हे सांगायला दोन माणसं बसली होती. एकाच्या सहा वह्या आज काचेआड आहेत. दुसरीचा तो कागद उरला असता, तर पीप्सची वही मिटून मी आधी तो वाचला असता.