विश्लेषण : माउथवॉशने दातांवरचे जिवाणू खरेच मरतात का?

तोंडाला वास येऊ लागला किंवा हिरड्यांतून रक्त दिसले, की अनेक जण औषधाच्या दुकानातून माउथवॉश आणतात. मात्र, दातांवर थर करून बसलेल्या जिवाणूंपुढे त्याची ताकद मर्यादित ठरते.

बायोफिल्म म्हणजे काय?
दातांवरून जीभ फिरवली की जाणवणारा बुळबुळीत थर, म्हणजे प्लाक, ही बायोफिल्मच. लाळेतील प्रथिनांचा पातळ पापुद्रा दातांवर बसतो, त्याला जिवाणू चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. माठाच्या आत धरलेला बुळबुळीत थर नुसते पाणी खळबळून निघत नाही, तो घासावा लागतो. दातांचेही तसेच आहे.

औषध आत का पोहोचत नाही?
चूळ साधारण ३० सेकंदांची असते. तेवढ्या वेळात औषध मुख्यतः वरच्या थरात अडकते. खोलवरचे जिवाणू मंद गतीने वाढत असल्याने त्यांच्यावर परिणामही कमी होतो. डच संशोधक लेव्हेनहूक यांना सतराव्या शतकातच हे दिसले होते. व्हिनेगरने चूळ भरल्यावर थराच्या बाहेरचे जीव मेले, आतले जिवंत राहिले.

कोणता माउथवॉश प्रभावी?
क्लोरहेक्सिडिन सर्वांत परिणामकारक मानले जाते. ते दात व तोंडाच्या अस्तराला चिकटून काही तास काम करते. घासण्याच्या जोडीला वापरल्यास प्लाक कमी होतो, हे अनेक चाचण्यांत दिसले आहे. पण दीर्घ वापराने दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बदलते. थायमॉल, युकॅलिप्टॉलसारखी तेले किंवा सीपीसी असलेले माउथवॉशही काही प्रमाणात उपयोगी पडतात.

मग वापरावा का?
दाढ काढल्यावर किंवा हिरडीच्या शस्त्रक्रियेनंतर घासणे शक्य नसते, तेव्हा दंतवैद्य ठरावीक दिवसांसाठी क्लोरहेक्सिडिन देतात. टूथपेस्टमधील फेस आणणाऱ्या घटकामुळे त्याचा परिणाम घटतो, म्हणून दोन्हींत अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे.

एरवी दिवसातून दोनदा ब्रश आणि दातांच्या फटींची सफाई हाच मुख्य उपाय. चूळ हिरडीखालच्या खोल खाचेत पोहोचत नाही, कडक झालेला टार्टरही काढत नाही. वास दबतो, पण हिरडीचा आजार आत वाढतच राहतो. त्यामुळे रक्त येणे थांबत नसेल, तर नवी बाटली आणण्याआधी दंतवैद्याला दाखवणे योग्य.