नाव छोटे, पण मानाचे

सोलापुरातल्या आपल्या वस्तीत मुलगी जन्मली की आजी पाळणा हलवता हलवता तिला छकुली, सोनी, चिमी म्हणू लागते. जन्मदाखल्यावर तेच लिहावे का? आम्हाला वाटते, नाव छोटे असायला हरकत नाही. त्यात मान हवा. शूद्राचे नाव तिरस्काराचे ठेवा, असे सांगणारी मनुस्मृती बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला जाळली. त्याच बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ माता रमाईंच्या स्मृतीस अर्पण करताना 'रामू' हे घरातले नाव छापले. खेमा म्हणजे बुद्धकाळातील प्रज्ञावंत भिक्षुणी, मेत्ता म्हणजे मैत्री. दोन्ही नावे छोटीच! नोंदणीत नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते, घाई नको. उद्या हजेरीत लेक ताठ मानेने 'हजर' म्हणेल, असे नाव निवडा.