गेमसाठी चित्रं आणि आवाज: कोणते घ्यावेत, कोणते टाळावेत

खान्देशातल्या नरडाण्यात बसून गेम बनवायला आज भांडवल लागत नाही. गोडो हे इंजिन मोफत आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, आणि त्याचा एमआयटी परवाना बनवलेला गेम विकायलाही मोकळीक देतो. अडचण त्यापुढे येते. कोड लिहिता येतो, पण चित्रं जमत नाहीत, संगीत येत नाही आणि कलाकाराला द्यायला पैसे नसतात. मग मिळेल ते उचलून गेममध्ये घातलं जातं. पुढे कुणी हक्काची तक्रार केली की गेम स्टोअरवरून उतरतो आणि एका आवाजापायी वर्षभराची मेहनत अडकून पडते. हे टाळायला फारसा खर्च नाही. काही समजुती तेवढ्या डोक्यातून काढाव्या लागतात.

सगळ्यांत पसरलेली समजूत म्हणजे गूगलवर दिसतं ते वापरता येतं. भारतात कॉपीराइट निर्मितीबरोबरच लागू होतो, नोंदणीची सक्ती नाही. ‘तीस सेकंदांपर्यंत गाणं चालतं’ असा नियम तर कायद्यात कुठेच नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खासगी अभ्यास, समीक्षा, वृत्तांकन अशा ठरावीक कामांना सूट देतं. गेमचं पार्श्वसंगीत त्यात बसत नाही.

दुसरी समजूत ‘रॉयल्टी-फ्री म्हणजे फुकट’ ही. एकदा ठरलेली किंमत दिली की पुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे पैसे मोजावे लागत नाहीत, एवढाच त्याचा हिशेब. किंमत दोन हजार असेल किंवा शून्य, मालकी कलाकाराकडेच राहते. युनिटीच्या अ‍ॅसेट स्टोअरवरून घेतलेलं झाड तुमच्या गेममध्ये लावता येतं. तीच फाइल मित्राला देता येत नाही किंवा सर्वांना दिसेल अशी गिटहबवर ठेवता येत नाही. आपला प्रकल्प उघडा ठेवायची हौस असलेल्या विद्यार्थ्यांकडून ही गोष्ट नकळत घडते.

पण खरा गोंधळ क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (सीसी) परवान्यांचा. ‘सीसी लिहिलंय म्हणजे मोकळं’ असं धरून चालणारे पुष्कळ आहेत. हे परवाने २००२ साली आले आणि त्यांत अटींचे थर आहेत. सीसी-झिरोमध्ये काहीच अट नाही. नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. नेदरलँड्समधल्या केनीने बनवलेली हजारो चित्रं आणि ध्वनी याच परवान्याखाली आहेत, पॉली हेवनची थ्रीडी सामग्रीही. सीसी-बाय असेल तर श्रेय देणं बंधनकारक: कामाचं नाव, कर्त्याचं नाव, दुवा, परवाना, आणि काही बदल केला असेल तर तसा उल्लेख. हे सगळं गेमच्या श्रेयनामावलीत बसतं, म्हणून कुणी टाळू नये.

‘एनसी’, म्हणजे व्यावसायिक वापराला मनाई, ही अक्षरं दिसली की थांबावं. गेम फुकट आहे, फक्त जाहिराती आहेत, मग तो व्यावसायिक कसा, असं विचारलं जातं. जाहिरातीतून पैसा मिळवायचा हेतू असेल तर तो वापर व्यावसायिकच धरून चाला. ‘एसए’ची अटही समजून घ्यावी लागते: असं चित्र बदलून वापरलं तर बदललेलं चित्रही त्याच परवान्याखाली इतरांना खुलं ठेवावं लागतं.

बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठाने २००५ मध्ये सुरू केलेल्या फ्रीसाउंडवर एकाच शोधात सीसी-झिरो, सीसी-बाय आणि एनसी असे तिन्ही प्रकारचे आवाज शेजारी शेजारी येतात. म्हणून परवाना संकेतस्थळाचा न बघता त्या त्या फाइलचा बघायचा. ओपनगेमआर्टचंही तसंच. बीबीसीने २०१८ मध्ये सोळा हजारांहून अधिक ध्वनी खुले केले तेव्हा अनेकांना वाटलं, झालं काम. तो मोफत परवाना मात्र वैयक्तिक, शैक्षणिक आणि संशोधनाच्या वापरापुरता आहे. विकायच्या गेमसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात.

फाइल उतरवली त्या दिवशीच तिच्या पानाचं परवान्यासकट चित्र काढून, तारीख घालून ठेवावं. पान उद्या नाहीसं झालं तरी क्रिएटिव्ह कॉमन्सचा एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. पण तो दिला होता याचा पुरावा तुमच्याकडे हवा. आणि फाइल टाकणाऱ्याच्या खात्यावर एक नजर टाकावी. गाजलेल्या गेममधली चित्रं उचलून ‘सीसी-झिरो’ म्हणून चढवणारे असतात. जी वस्तू त्यांची नाही, तिचा परवाना ते देऊ शकत नाहीत.

‘जुनं झालं की मोकळं’ हेही अर्धंच खरं. भारतात लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. काम मरणोत्तर प्रसिद्ध झालं असेल तर प्रकाशनापासून ६० वर्षं. आपल्या खान्देशातलंच उदाहरण घ्या. बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या आणि त्यांचा संग्रह १९५२ मध्ये निघाला. त्यात प्रथम छापलेल्या कवितांचा भारतातला हक्क २०१२ अखेर संपला. पण गेम स्टीमवर जगभर विकायचा असेल तर अमेरिकेचा कायदाही लागतो. १९९६ च्या सुरुवातीला भारतात हक्क शाबूत असलेल्या परदेशी कामांना अमेरिकेने पुन्हा संरक्षण दिलं, आणि १९५२ च्या पुस्तकासाठी ते प्रकाशनापासून ९५ वर्षं, म्हणजे २०४७ अखेरपर्यंत आहे. शिवाय शब्द मोकळे झाले तरी कुणी लावलेली चाल आणि कुणी गायलेलं ध्वनिमुद्रण यांचे हक्क स्वतंत्र असतात. बहिणाबाईंचं नाव तर प्रत्येक ठिकाणी द्यायलाच हवं.

याउलट अजिंठ्याकडे आपल्या गेमवाल्यांचं लक्षच नाही, याची मला खंत वाटते. लेणी जळगावहून तासा-दीड तासावर आहेत. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून तिथल्या चित्रांच्या प्रती करवल्या. त्यांतल्या बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्ये लागलेल्या आगीत गेल्या, तरी १८९६-९७ मध्ये दोन भव्य खंड छापले गेले. ग्रिफिथ्स १९१८ मध्ये वारले, त्यामुळे हे काम भारतात आणि अमेरिकेतही मोकळं आहे. छतावरची कमळं, हंस, वेली, चौकटी गेमच्या मेनूला आणि जमिनीच्या फरशांना नेमक्या लागतात. आजच्या छायाचित्रकाराने काढलेला लेण्याचा फोटो मात्र त्याचा असतो.

फाँटचा विचार शेवटी होतो आणि तोच चुकतो. विंडोजसोबत आलेला मंगल संगणकावर आहे म्हणून गेमच्या फाइलमध्ये घालून वाटता येत नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’, किंवा खास मराठी वळणाचा ‘तिरो देवनागरी मराठी’ हे फाँट ओपन फाँट परवान्याखाली आहेत. गेममध्ये घालायला हरकत नाही. एआयने काढलेल्या चित्रांबद्दल एवढंच, की ती वापरली असतील तर जानेवारी २०२४ पासून स्टीमला तसं सांगावं लागतं.

आणि ‘चांगला आवाज स्टुडिओतच मिळतो’ ही समजूत तर नरडाण्यात टिकूच नये. मुंबई-आग्रा महामार्गावरचे ट्रक, सुरत-भुसावळ मार्गावरची मालगाडी, वाळलेल्या पऱ्हाट्यांवरचं पाऊल हे सगळं फोनवर टिपता येतं, आणि ते ध्वनिमुद्रण तुमच्या मालकीचं होतं. फोन विमान मोडवर टाका, माइकवर वाऱ्यासाठी स्पंजचा तुकडा बांधा, वेव्ह फाइलमध्ये नोंदवा. पावलांचे पाच-सहा वेगवेगळे आवाज घ्या. एकच आवाज पुन्हा पुन्हा आला की खेळणारा कंटाळतो. शेवटी मिनिटभर नुसती शांतता टिपा, ती सांधे झाकायला कामी येते. कापाकापी ऑडॅसिटीत होते, तेही मोफत. मागे लग्नाच्या डीजेवर सिनेमाचं गाणं वाजत असेल तर मात्र तो तुकडा टाकून द्या.

कानबाईची गाणी किंवा सातपुड्यातल्या होळीचा ढोल घ्यायचा असेल तर पारंपरिक चाल कुणा एकाची नसते, पण गाणारी बाई आणि वाजवणारा माणूस यांचा सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो. टिपण्याआधी विचारा. गेम विकला जाणार आहे हे त्यांच्या बोलीत नीट समजावून सांगा, मानधन ठरवा, आणि नाव, तारीख, वापर व रक्कम कागदावर लिहून सही किंवा अंगठा घ्या. त्या कागदाची एक प्रत त्यांच्याकडेही द्या.